पन्नास व पुढे

अग्निशमन केंद्रात त्याला सगळे शिडी म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि महिन्यातून एकदा वाचलं जाई. बाकीचे दिवस शिडीवर भागत. बत्तीस वर्षं तो शिडीच्या गाडीवर होता. घंटा झाली की गाडीत चढायचं, जागेवर पोचलं की शिडीवर चढायचं, आणि वर जे कोण खोकत असेल त्याला खांद्यावर घेऊन खाली यायचं, एवढंच त्याला येत होतं. जमिनीवर त्याला विशेष काही येत नसे. बँकेत फॉर्म भरायचा तर तो बायकोला सोबत नेई, आणि लग्नकार्यात कुठे उभं राहावं ते न कळून जिन्यात उभा राही.

तर या माणसाच्या चरबीचा प्रश्न शासकीय पातळीवर उपस्थित झाला.

झालं असं की, शेजारच्या विभागात एक जवान खिडकीत अडकला. त्याला सोडवायला दुसरी शिडी लावावी लागली, आणि हे सगळं कुणीतरी फोनवर टिपलं. मुख्यालयानं समिती नेमली. समितीनं सांगितलं की नुसतं वजन पाहून उपयोग नाही, कारण वजनात हाडं येतात, स्नायू येतात, आणि आपल्याकडे बूटही येतात. पाहायचं ते शरीरातल्या चरबीचं प्रमाण. परिपत्रक निघालं : शिडीच्या गाडीवरच्या प्रत्येकाची चरबी पंचवीस टक्क्यांच्या आत हवी. नसेल त्यानं भांडारात जावं, तिथे नळ्या मोजायच्या असतात.

आधी यंत्र आलं. काचेचा पाट, त्यावर अनवाणी उभं राहायचं. एका तळव्यातून बारीकसा विजेचा प्रवाह आत जातो, दुसऱ्यातून बाहेर येतो. पाण्यातून तो सहज जातो, चरबीत अडखळतो, आणि किती अडखळला त्यावरून यंत्र आकडा सांगतं. ही माहिती पुस्तिकेच्या चौथ्या पानावर होती. जवानांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी पुस्तिका चौथ्या पानापर्यंत वाचली. पाण्याचीच नोकरी करणारी माणसं ती. त्यांना पाणी कसं वापरायचं हे शिकवावं लागलं नाही. गाडीवरचा एक सहकारी होता, तो मापाआधी चार लिटर पाणी प्यायला आणि त्यानं सतरा टक्के मिळवले. प्रमाणपत्रावर सही होईपर्यंत तो एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होता. तेव्हापासून त्याचं नाव टाकी पडलं. शिडी दोनच लिटर प्यायला. त्याला बावीस मिळाले.

मग उत्साहाच्या भरात केंद्राचे साहेब यंत्रावर उभे राहिले. ते काहीच प्यायले नव्हते. अडतीस आले, आणि यंत्र सदोष असल्याचं त्याच दुपारी सिद्ध झालं.

पुढच्या महिन्यात आरोग्य कार्यालयातून मापवाल्या बाई आल्या. बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला, हातात एक स्प्रिंगचा चिमटा. त्याला कॅलिपर म्हणतात. त्यांची पद्धत जुनी आणि पाण्याला न फसणारी होती. दंडाच्या पुढे, दंडाच्या मागे, खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरच्या खांद्याच्या हाडाच्या, खाली आणि कमरेच्या हाडावर, अशा चार जागी पेननं ठिपका द्यायचा, कातडी बोटांत धरून मांसापासून सुटी करायची, चिमटा लावायचा, आणि घडी किती मिलिमीटर जाड ते वाचायचं. चारही आकड्यांची बेरीज करायची आणि तक्त्यात बघायचं. पोट मापात नव्हतं. हे ऐकून टाकीच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहण्यासारखं होतं.

"श्वास रोखू नका," बाई शिडीला म्हणाल्या. "श्वास रोखून चरबी कमी होत नाही."

"मला वाटलं जरा आत जाईल."

"कुठे जाणार? सगळ्यांना वाटतं. सहा, चौदा, सतरा, तेरा. झाले पन्नास. बरे आहात की हो."

बाईंचं बोट तक्त्यावर पन्नासच्या ओळीवरून सरकलं आणि 'चाळीस ते एकोणपन्नास' अशा मथळ्याच्या रकान्यात थांबलं. तिथे चोवीस पूर्णांक सहा लिहिलं होतं. शिडीनं तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला.

"जन्मतारीख सांगा, म्हणजे लिहून मोकळी होते."

त्यानं सांगितली. बत्तीस वर्षं सांगत होता तीच.

"म्हणजे पन्नास पूर्ण? दिसत नाही हो तुम्ही," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं बोट एक घर उजवीकडे सरकलं. मथळा होता 'पन्नास व पुढे'. आत लिहिलं होतं सव्वीस पूर्णांक पाच.

"पण घडी तर तीच आहे," शिडी म्हणाला.

"घडी तीच. पण वय वाढलं की चरबी कातडीखालून आत सरकते, अवयवांभोवती बसते. ती चिमट्यात येत नाही. म्हणून तक्ता ती धरून चालतो."

"न बघता?"

"तक्ता काही बघत नाही, दादा. तीन महिन्यांनी पुन्हा माप आहे. तोवर उतरवा."

तो शर्ट घालून बाहेर आला. त्याच्या अंगात जी दोन टक्के चरबी नुकतीच धरून चालली होती, ती त्याची नव्हती. ती कुणाची होती हे त्याला ठाऊक होतं.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. तिला तो सहसा स्टेशनातलं काही सांगत नसे, आणि ती विचारत नसे. संसार त्यावरच टिकला होता. आज तो तिच्यासमोर पाट ओढून बसला.

"मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे," तो म्हणाला.

"पन्नास. चार महिन्यांपूर्वी मीच तुम्हाला नवा सदरा आणला."

"तो माझा नव्हता. म्हणजे सदरा माझा. पन्नासावं वर्ष माझं नव्हतं."

मग त्यानं सांगितलं. त्याच्या आधी एक भाऊ झाला होता. नऊ महिन्यांचा होऊन गेला. वर्षभरानंतर हा झाला, तर आईबाबांनी त्याला तेच नाव ठेवलं. नाव चांगलं होतं आणि वापरलं गेलं नव्हतं. पुढे दहावीनंतर अग्निशमन दलात भरती निघाली. वय अठरा लागत होतं, हा सोळाचा. बाबांनी पेटीतून जन्माचा दाखला काढला, तोच घेऊन गेले आणि दुपारी दोन वाजता याला नोकरी लागली. दाखला खोटा नव्हता. त्यावरची प्रत्येक गोष्ट खरी होती, फक्त ती भावाची होती.

बायकोनं बराच वेळ एकाच शेंगेचे दोर काढले.

"म्हणजे मी एकोणपन्नास आणि तुम्ही अठ्ठेचाळीस."

"हो."

"पंचवीस वर्षं मी माझ्याहून लहान पोराला अहो म्हणतेय."

"आता काय बदलतेस?"

"बदलत नाही. पण हे आधी कळलं असतं तर काही वेळा मी ऐकून घेतलं नसतं." तिनं शेंगा टोपलीत टाकल्या. "मग सांगा ना त्यांना खरं वय. हवं तर मी येते सांगायला."

"सांगितलं तर सोळाव्या वर्षी खोट्या वयावर चिकटलो हे आधी सिद्ध होतं. मग भांडारसुद्धा नाही. सरळ घरी."

"मग उतरवा," बायको म्हणाली, अगदी बाईंसारखीच.

त्या दिवसापासून घरात चरबीखातं उघडलं. बायकोनं औषधांच्या दुकानातून प्लास्टिकचा चिमटा आणला. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, तो बनियन काढून खिडकीपाशी उभा राही आणि ती घड्या धरी. खवाट्याखालची घडी स्वतःची स्वतःला धरता येत नाही; त्यासाठी माणसाला लग्न करावं लागतं. सुरुवातीला ती इतकी जोरात धरी की मांसही बरोबर येई आणि बेरीज सत्तर भरे. मग तिचा हात बसला. आकडे ती कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिही.

एकाच मापावर विश्वास ठेवू नये असं कुणीतरी सांगितल्यामुळे त्यानं इतरही मापं घेतली. शिंप्याची टेप मानेभोवती आणि बेंबीवर धरून, दोन्हीतला फरक उंचीशी ताडून पाहिला, तर सत्तावीस आले. औषधांच्या दुकानातल्या पाटावर एकोणीस. मुलीच्या फोनमध्ये फोटो पाहून आकडा सांगण्याची सोय होती. फोननं बावीस सांगितले आणि अभिनंदन केलं. एकाच रविवारी तो तीन माणसं होता, आणि त्यातला एकही भांडारात जाण्याच्या लायकीचा नव्हता, टेपवाला सोडून. सोयीचा आकडा खरा धरायचा, ही पद्धत कार्यालयाला परवडते. याला एकच आकडा उपयोगाचा होता, आणि तो बाईंच्या तक्त्यात उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात राहत होता.

त्यानं साखर सोडली. तेल सोडलं. रात्रीचं जेवण सोडलं, मग त्याची आठवणही सोडायचा प्रयत्न केला. पहाटे स्टेशनच्या आवारात तो पाठीवर नळीचं वेटोळं घेऊन शिडी चढे-उतरे. टाकी खाली उभा राहून वडे नाहीतर काहीतरी तळलेलं खात ते बघे.

"शिड्या, तुझ्या गालांत आता पाणी साठवता येईल," टाकी म्हणे.

"तुझा आकडा किती आला?"

"चोवीस पूर्णांक चार. वय एकोणचाळीस. आईनं वेळेवर जन्माला घातलं."

सहाव्या आठवड्यात बेरीज एकोणपन्नास झाली आणि तिथेच बसली. आठव्या आठवड्यात अठ्ठेचाळीस. चढताना डोळ्यांपुढे काजवे दिसू लागले, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याच आठवड्यात तो आईकडे गेला.

त्याच्या मनात एक कल्पना आली होती. भूक लागलेल्या माणसाला येतात तशी. आपला स्वतःचा दाखला कुठेतरी असणारच. तो मिळाला तर वकिलाला दाखवू, वकील काही वाट काढील : बाप गेला, चूक बापाची, मूल तेव्हा अज्ञान. वाईट कल्पना नव्हती.

आई बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राही. ब्याऐंशीची, ऐकू कमी, पण जे ऐकायचं ते ऐकू येई. तिनं त्याला पाहिलं आणि पहिल्यांदा त्याचा दंड दोन बोटांत धरला. अगदी ठिपक्याच्या जागी.

"ती तुला खायला घालत नाही का?"

"घालते. मीच खात नाही. आई, माझा जन्माचा दाखला कुठंय?"

"कार्यालयात नेला होतास ना?"

"तो दादाचा. माझा."

आईला प्रश्न कळायला वेळ लागला असं वाटलं. पण तिला तो केव्हाच कळला होता, ती फक्त उत्तर शोधत होती.

"तुझा नाही केला."

"म्हणजे?"

"तू झालास तेव्हा तुझे बाबा म्हणाले, नाव लिहिलेलं आहेच की. तेच नाव, तेच आईबाप. पुन्हा कशाला लिहायचं. कचेरीत तेव्हा दिवस दिवस उभं करायचे."

"आणि दादा गेला ते? ते तरी लिहिलं असेल."

"ते कोण लिहायला जाणार रे? मला उठवत नव्हतं. आणि हे म्हणाले, मी नाही जाऊन सांगणार. ते तसं लिहिलं की झालंच म्हणायचं, असं त्यांना वाटायचं."

शिडी खाटेच्या कडेवर बसून राहिला. म्हणजे सरकारदरबारी भाऊ जन्मला होता आणि अजून मेला नव्हता. मेल्याची नोंद नव्हती तशी याच्या जन्माचीही नव्हती. खोटं वय सांगून नोकरीला लागायला आधी माणूस असावा लागतो. हिशेबात तोच बसत नव्हता. बत्तीस वर्षं शिडीवर भाऊ चढत होता. पगार भावाचा, शौर्याचं प्रमाणपत्र भावाचं, लग्नसुद्धा भावाचं झालं होतं. आता पन्नाशी भावाला लागली होती, आणि अंगानं सुटलाही भाऊच होता.

"कसा होता?" त्यानं विचारलं. एवढ्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

आईच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "गुबगुबीत. तू असा किडकिडीत झालास, तो तसा नव्हता. मांड्यांना वळ्या पडायच्या, तीन तीन. न्हाऊ घालताना एकेक वळी उघडून पुसावी लागायची, नाहीतर आत पाणी राहायचं." तिनं अंगठा आणि बोट हवेत एवढंसं अंतर ठेवून धरलं. "एवढी जाड. आठ दिवसांच्या तापात सगळी गेली. आठ दिवसांत. मी रोज बघायची, आज किती राहिली."

निघताना तिनं त्याच्या खिशात दोन केळी घातली. ती त्यानं वाटेत खाल्ली नाहीत आणि टाकलीही नाहीत.

तीन महिने झाले त्या सकाळी तो पाचला उठला. बायकोनं माप घेतलं, बेरीज सत्तेचाळीस भरली. तिनं पुन्हा घेतलं. सत्तेचाळीस. बाईंच्या तक्त्यातला शेवटचा रकाना त्यानं उतरवून आणला होता : पन्नासला सव्वीस पूर्णांक पाच, पंचेचाळीसला चोवीस पूर्णांक सात. मग सत्तेचाळीसला किती, हे तिनं कॅलेंडरच्या मागे त्रैराशिक मांडून काढलं. पंचवीस पूर्णांक चार.

"चार दशांशच राहिले," ती म्हणाली. "एवढ्यावर कोण अडवतं? बाई चांगल्या आहेत म्हणालात ना तुम्ही."

बाई चांगल्याच होत्या. त्यांनी चार ठिपके दिले, चार घड्या धरल्या. पाच, तेरा, सतरा, बारा.

"सत्तेचाळीस. शाब्बास. या वयात तीन मिलिमीटर म्हणजे चेष्टा नाही." मग त्यांनी तक्ता उघडला आणि त्यांचा आवाज उतरला. "पण असं आहे, तक्त्यात ओळी पाच-पाचच्या आहेत. मधली बेरीज आली तर वरची ओळ धरायची, असा मुख्यालयाचा नियम आला आहे. मागच्या वेळी बरीच त्रैराशिकं झाली म्हणे, आणि प्रत्येकाचं उत्तर चोवीस पूर्णांक नऊ आलं."

"म्हणजे सत्तेचाळीसला पन्नास."

"हो. सव्वीस पूर्णांक पाच."

तीन महिने तो जे काही झिजला होता, ते तक्त्याच्या दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत पडलं होतं. बाईंनी चष्मा काढला आणि दोरीवर सोडला. दार बंद आहे ना ते पाहिलं.

"दादा, मी सव्वीस वर्षं माणसांची कातडी धरतेय. बोटांना कळतं. तुमची कातडी पन्नाशीची नाही. जन्मतारखेत काही चूकबीक तर नाही ना? असते पुष्कळांची. पलीकडच्या रकान्यात गेलात तर आत्ता पास आहात. मी शेरा लिहीन, तुम्ही फक्त कागद आणून द्यायचा."

इतक्या सहज, इतक्या हळू आवाजात कुणी त्याला हे विचारील असं त्याला वाटलं नव्हतं. तो उत्तर देणार होता. तोंडही उघडलं होतं. माझ्या आधी एक भाऊ होता, एवढं म्हटलं असतं तर बाकीचं आपोआप बाहेर आलं असतं. पण मग बाईंनी कागद मागितला असता, आणि कागद फक्त भावाकडे होता.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे तारीख."

"नक्की?"

"आईला विचारून आलोय."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग फॉर्म पुढे सरकवला. 'शिडी वाहनासाठी अपात्र. भांडार विभागात वर्ग.' खाली 'हरकत असल्यास' म्हणून तीन ओळी कोऱ्या होत्या. त्यानं त्या वाचल्यासारखं केलं आणि खाली सही केली.

पेन खाली ठेवतोय तोच घंटा झाली.

पाय कुणाला विचारत नाहीत. तो दारातून बाहेर होता, जिना उतरला होता, आवारातून धावत गाडीच्या मागच्या पायरीपर्यंत पोचला होता, आणि दांड्याला हात घालून एक पाय वरही ठेवला होता. त्याच्या जागेवर टाकी बसला होता, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढत. टाकीनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या गुडघ्यांकडे.

"साहेबांनी सकाळीच सांगितलं," टाकी म्हणाला. "मी म्हटलं निकाल तर लागू दे. पण ते म्हणाले, लागलाय."

चालकानं आरशातून पाहिलं. वीस वर्षं दोघं एका गाडीवर होते. "खाली थांब रे," तो म्हणाला. "सोड दांडा. आगीची वर्दी शाळेची आहे, उशीर होतोय."

शिडीनं दांडा सोडला. गाडी फाटकातून वळली, शिडीचं टोक नेहमीसारखं भिंतीला घासता घासता चुकलं, आणि भोंगा रस्त्यानं लांब होत गेला. कुठल्या शाळेची, ते त्यानं विचारलं नव्हतं. आवारात कुणी नव्हतं. ऊन होतं आणि त्याला थंडी वाजत होती.

बाई जिन्याच्या तोंडाशी आल्या होत्या.

"अहो, शर्ट राहिला तुमचा."

तेव्हा त्याला कळलं की तो उघडाच उभा आहे. त्यानं शर्ट घेतला. बटणं लावायला वेळ लागला. शर्ट तीन महिन्यांत बराच मोठा झाला होता. भांडार आठला उघडतं आणि पाचला बंद होतं, हे फॉर्मवर छापलेलं होतं. घंटा झाली तर काय करायचं, ते छापलेलं नव्हतं.